खळं की घर? डोंगरातल्या गोल अवशेषांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तापी-गिरणा खोऱ्यातल्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरणाऱ्या लोकांच्या, वस्त्यांवर टिपण छापलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये ‘आमच्याकडेही गोल घर आहे, बघा’ अशी पत्रं सर्वांत जास्त होती. निवडक प्रश्न आणि उत्तरं देत आहोत. प्रश्न थोडे आवरले आहेत.

प्रश्न : पठारावर आमच्या शेताला लागून दगडांचं वर्तुळ आहे. आरपार अकरा पावलं भरतं. दगड एकेरी ओळीत, गुडघ्याच्याही खाली. आतली जमीन टणक, गवत विरळ. मधोमध वीतभर रुंदीचा खड्डा आहे. गावात त्याला ‘पांडवांचं घर’ म्हणतात. हे प्रागैतिहासिक घर असेल का? (शेतकरी, साक्री तालुका)

उत्तर : तुमच्या वर्णनातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे तो मधला खड्डा. तो तिवड्याचा, म्हणजे मळणीचे बैल ज्याला बांधून फिरवतात त्या खांबाचा, असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर हे मळणीचं खळं आहे. अहिराणीत तुम्ही ज्याला खये म्हणता तेच.

अकरा पावलं म्हणजे साधारण आठ मीटर. तिवड्याला तीन-चार बैलांची पात बांधून फिरवायची, तर मध्यापासून साडेतीन-चार मीटर जागा लागतेच. एवढ्या रुंदीवर छप्पर घालायचं तर आत खांबांचं दुसरं वर्तुळ तरी हवं, नाहीतर फार लांब वासे हवेत. एकट्या मधल्या खांबावर ते पेलणं कठीण. आता तो खड्डा नीट बघा, पण उकरू नका. तिवडा बैलांच्या ओढीनं सतत हलतो, त्यामुळे खड्ड्याचं तोंड पसरट होतं आणि कडेला पाचरीसारखे दगड ठोकलेले असतात. घराचा खांब हलत नाही, त्याच्या खड्ड्याच्या कडा सरळ उतरतात.

दुसरी खूण वाऱ्याची. उपणायला वारा लागतो, म्हणून खळं उघड्या माथ्यावर करतात. घर बांधणारा नेमका वारा टाळतो. तो टेकाडाच्या आडोशाला आणि पाण्यापासून हाकेच्या अंतरावर बसतो. वर्तुळाच्या जागी उभं राहिल्यावर डोक्यावरचं मुंडासं उडत असेल तर ते घर नसावं, असा ढोबळ अंदाज बांधायला हरकत नाही.

तिसरी खूण खापरांची. खळं दरवर्षी झाडून, पाणी मारून, चोपून, शेणानं सारवतात, त्यामुळे आत काही राहत नाही. घरात मात्र चूल असते, राख असते, फुटक्या मडक्यांचे तुकडे जमिनीत दबलेले असतात. पाट्याचा किंवा वरवंट्याचा झिजलेला दगड, दगडी पात्यांच्या छिलक्या हेही सापडतं. वर्तुळात एका बाजूला सत्तर-ऐंशी सेंटिमीटरची मोकळी जागा, म्हणजे दार, दिसायला हवं.

आणखी तीन गोष्टी घराचा भास करून देतात. ठेलारी मेंढपाळांच्या मेंढवाड्याचं वर्तुळ वेडंवाकडं असतं आणि आतली माती लेंड्यांमुळे काळसर, भुसभुशीत होते. पावसानंतर तिथलं गवत आसपासच्या गवतापेक्षा हिरवंगार दिसतं. लाकडाच्या कोळशाची जुनी भट्टी म्हणजे उतारावर कोरलेली सपाट गोल जागा. तिथे कोळशाचे कण आणि भाजून लाल झालेली माती मिळते, खापर एकही नाही. राखणीच्या माळ्याचे खड्डे तर चारच आणि चौकोनात.

तरीही वर्तुळ मोजून ठेवा. दोन व्यास काटकोनात मोजा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ‘गोल’ न म्हणता ‘लांबट’ लिहा. मोजपट्टी आणि उत्तर दिशा दिसेल असा फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. तिरप्या उन्हात बोटभर उंचवट्याचीही सावली पडते, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला, कारण गवत बसलेलं असतं.

प्रश्न : आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावरून सरळ रेषेत जाणारी काळ्या दगडांची रचलेली भिंत आहे, काही ठिकाणी दोन पुरुष उंच. प्राचीन वस्तीचा तट समजायचा का? (धुळे तालुका)

उत्तर : ही निसर्गाची करणी आहे. धुळे-नंदुरबार भागात लाव्ह्याच्या भेगांमध्ये वर चढून थिजलेल्या खडकाच्या अशा शेकडो भिंती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. थिजताना खडक आडवा तडकतो आणि विटा रचल्यासारखा दिसतो. एक साधी परीक्षा आहे. माणसानं रचलेल्या भिंतीत दगडांच्या फटींमध्ये माती आणि चिपा असतात आणि भिंत कुठेतरी संपते किंवा वळते. डाइक नाला ओलांडूनही त्याच रेषेत पुढे जातो.

प्रश्न : माणूस आधी गोल झोपडीत राहायचा आणि प्रगती झाल्यावर चौकोनी घरं बांधू लागला, असं शिकवलं जातं. खानदेशातले पुरावे काय सांगतात? (माध्यमिक शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : हा जिना इतका सरळ नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत नीट खोदलेलं उदाहरण खानदेशाबाहेरचं आहे : पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांचं हे काम. सव्वाशेहून जास्त घरांचे अवशेष मिळाले आणि क्रम पुस्तकी कल्पनेच्या बरोबर उलटा निघाला. जोर्वे ही महाराष्ट्रातली एक ताम्रपाषाण संस्कृती. तिच्या आधीच्या काळात, सुमारे इ.स.पू. १४०० ते १००० मध्ये, मोठी चौकोनी घरं. नंतरच्या काळात, इ.स.पू. १००० ते ७०० मध्ये, साधारण तीन-साडेतीन मीटर व्यासाच्या गोल झोपड्या, तीन-चारच्या गटानं. ढवळीकरांचा अर्थ असा : पाऊस कमी झाला, शेती आटली, लोक जनावरांच्या मागे फिरू लागले, आणि घरही त्या जगण्याला साजेसं झालं. मडकीही त्या काळात पूर्वीइतकी सुबक राहिली नाहीत.

खानदेशात साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजनं १९८० च्या दशकात खोदकाम केलं. तिथली वस्ती सावळदा संस्कृतीची, म्हणजे इनामगावच्या चौकोनी घरांपेक्षा कित्येक शतकं जुनी. तिथे जमिनीत थोडी खणून वर छप्पर घातलेली गोल-लांबट घरं मिळाली. वस्तीचा थर फार जाड नाही, म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे ठाण मांडून बसले नव्हते. तेव्हा गोल घर जुनंही असतं आणि नवंही. ते ‘मागासलेपणा’ दाखवत नाही. कुटुंब किती काळ एका जागी राहणार, हे दाखवतं.

वर्गात हिशोब करून घ्या. ३.२ मीटर व्यासाच्या झोपडीचं क्षेत्र आठ चौरस मीटर, भिंतीची लांबी दहा मीटर. तेवढ्याच क्षेत्राच्या चौरस घराला ११.३ मीटर भिंत लागते. गोल घरात भिंतीची बचत होते आणि वारा कोपऱ्यात अडकत नाही. तोटा असा की त्याला खोली जोडता येत नाही. मुलाचं लग्न झालं की चौकोनी घराला एक खण वाढवतात, गोल घराशेजारी दुसरं गोल घर उभं करावं लागतं. इनामगावला झोपड्या गटानं सापडतात त्याचं एक कारण हेच असावं.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा डार्टमूर नावाच्या डोंगराळ माळावर तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांची दगडी वर्तुळं पाहिली, अगदी काल सोडून गेल्यासारखी. सातपुड्यात अशी का दिसत नाहीत? (निवृत्त अभियंता, शिरपूर)

उत्तर : तुम्ही पाहिलेली जागा बहुधा ग्रिमस्पाउंड असेल. मोठ्या दगडी कुंपणाच्या आत चोवीस घरांचे अवशेष, १८९४ मध्ये उत्खनन झालेले. डार्टमूरवर अशी सुमारे पाच हजार घरवर्तुळं नोंदली आहेत, बहुतेक कांस्ययुगातली. ती टिकली याचं कारण तिथला ग्रॅनाइट आणि न फिरलेला नांगर. भिंत दुपाखी होती : आत-बाहेर मोठे दगड, मध्ये माती-चिपा. पुढे हवामान ओलं-थंड झालं, लोक खाली उतरले आणि त्या उंचीवर मोठी शेती पुन्हा झालीच नाही. दगड उचलायला फारसं कुणी गेलं नाही.

आपल्याकडे ताम्रपाषाण काळातला माणूस डोंगरमाथ्यावर फारसा राहिला नाही. तो नदीकाठी, काळ्या मातीच्या कडेला राहिला : तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ. प्रकाश्याला १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. या लोकांच्या भिंती कुडाच्या आणि मातीच्या. छप्पर गेलं की तीन-चार पावसाळ्यांत भिंतीचा चिखल होतो. उरते ती सारवलेली जमीन आणि खांबांचे खड्डे. म्हणून आपल्याकडे गोल घर दगडांच्या वर्तुळात शोधण्यापेक्षा मातीच्या रंगात शोधावं.

उलट एका बाबतीत आपण भाग्यवान. डार्टमूरच्या आम्ल मातीत हाडं विरघळतात, त्यामुळे तिथला माणूस काय खात होता हे हाडांवरून कळत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत हाडं टिकतात. इनामगावला घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन मडक्यांत बालकांचे सांगाडे जसेच्या तसे मिळाले.

आणि नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी दगडी वर्तुळं ही घरं नव्हेत, लोहयुगातली दफनं आहेत. त्यांना दार नसतं.

प्रश्न : शेततळ्यासाठी जेसीबीनं मारलेल्या कापात, जमिनीपासून हातभर खाली, पिवळसर मातीत काळे उभे पट्टे दिसतात. रुंदी चार बोटं ते वीतभर, एकमेकांपासून दीड-दोन फुटांवर. खांबांचे खड्डे असतील, की उंदरांची बिळं? (पदवी वर्गातला विद्यार्थी, चाळीसगाव)

उत्तर : चांगलं टिपलंत. इथे घाई करू नका, कारण काळ्या-पिवळ्या मातीत चार गोष्टी सारख्याच दिसतात.

खांबाचा खड्डा दोन भागांचा असतो. आधी रुंद खड्डा खणतात, त्यात खांब उभा करून बाजूनं मुरूम, खापरं, दगड ठासतात. खांब कुजला की त्याच्या जागी भुसभुशीत, काळी माती बसते. म्हणजे मध्ये काळा दंडगोल आणि भोवती वेगळ्या रंगाची घट्ट कडा दिसते. खाली तळ सपाट किंवा किंचित टोकदार असतो आणि तिथेच तो एकदम संपतो.

बीळ तिरकं जातं, मध्येच फुगतं, वळतं, आणि त्यातली माती एकसारखी मोकळी असते. कडेला ठासलेला थर नसतो. मूळ खाली जाताना बारीक होत जातं आणि फांद्या फुटतात. चौथी गोष्ट म्हणजे काळ्या मातीची भेग. उन्हाळ्यात काळी माती हातभर खोल फाटते आणि पावसात वरची माती भेगेत पडते. भेग वरून रुंद, खाली सुईसारखी असते आणि कापाच्या आत भिंतीसारखी पसरते, खांबासारखी गोल नसते. काळी माती दरवर्षी अशी फाटते-मिटते, म्हणजे ती स्वतःलाच नांगरते. त्यामुळे वरच्या हात-दीड हातात खड्ड्याची कडा पुसून जाते आणि वरचं खापर खाली जातं. थर ठरवताना हे विसरलं की मोगलकाळातलं खापर ताम्रपाषाणाच्या पदरात पडतं.

कापाची बाजू उकरायची नाही, फक्त साफ करायची. गवंड्याची छोटी थापी घ्या, धार घासून तीक्ष्ण करा, आणि वरून खाली कागदाइतका पापुद्रा काढत जा. मग पिचकारीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. ओल्या मातीत रंगाचा फरक पाच-दहा मिनिटं उठून दिसतो. तेवढ्यात फोटो घ्या. फोटोत एक मीटरची काठी हवी, वीस-वीस सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग दिलेली. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक द्या आणि वरच्या जमिनीपासूनची खोली, रुंदी, शेजारच्या पट्ट्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा.

एक फसगत इथे नेहमी होते. काप हा वर्तुळाला मारलेला सरळ छेद असतो. तो मध्यातून गेला तर भिंतीचे दोनच खांब दिसतील, समोरासमोरचे. तुम्हाला दीड-दोन फुटांवर एका ओळीत चार-पाच दिसत असतील तर काप घराच्या कडेनं गेलाय, किंवा ते सरळ कुंपण आहे. दोन्हींतला फरक कापावरून कळणार नाही, वरून आडवं उत्खनन झालं तरच कळेल. म्हणून अहवालात ‘घर’ हा शब्द लिहू नका, ‘खांबखड्ड्यांसारख्या खुणा’ एवढंच लिहा. आणि जेसीबीला दोन दिवस थांबवता आलं तर थांबवा.

प्रश्न : अशाच एका जागी वरच्या भुसभुशीत मातीत मिळालेला कोळसा कापसात गुंडाळून ठेवला आहे. त्याचं वय काढता येईल का?

उत्तर : कोळशाचं वय त्यातल्या कार्बनवरून काढतात. कापूस आजचा आहे आणि त्याचे तंतू कोळशाला चिकटतात. कागद, कापड, कापूस यांतला कार्बन नवा असल्यामुळे वय चुकून कमी येऊ शकतं. कोळसा हात न लावता चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा असतो. आताच्या पद्धतीत काही मिलिग्रॅम कार्बनही पुरतो, पण तो कोणत्या थरातून, किती खोलीवरून, कशाशेजारून आला हे लिहिलेलं नसेल तर आकडा मिळूनही उपयोग शून्य. तुमचा कोळसा वरच्या भुसभुशीत मातीतला आहे, म्हणजे तो गेल्या वर्षी जाळलेल्या पऱ्हाट्यांचाही असू शकतो.

प्रश्न : आश्रमशाळेच्या आवारात मुलांसाठी ताम्रपाषाण काळासारखी गोल झोपडी बांधायची आहे. मापं आणि साहित्य सांगा. (शिक्षक, धडगाव तालुका)

उत्तर : साडेतीन मीटर व्यास धरा. त्याहून मोठी झाली तर आत खांब लागतात आणि मुलांच्या हातचं काम राहत नाही.

मध्यावर खुंटी ठोका, १.७५ मीटरची दोरी बांधून वर्तुळ आखा. परिघ अकरा मीटर. पूर्वेला पाऊण मीटरचं दार सोडा, कारण आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. उरलेल्या सव्वादहा मीटरवर पंचावन्न सेंटिमीटरच्या अंतरानं वीस खांब येतात. खांब दहा-बारा सेंटिमीटर जाडीचे, २.१ मीटर लांब, वर बेळकं (दोन फाटे) असलेले. दाराचे दोन थोडे जाड घ्या. खड्डा साठ सेंटिमीटर खोल, म्हणजे भिंतीची उंची दीड मीटर. खांबाचं बूड आगीत होरपळून काळं करा, कोळसा झालेल्या थराला वाळवी लवकर लागत नाही. ठासायला मुरूम घ्या. माती घातली तर पहिल्या पावसात खांब डुलतात.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच बहुतेक ठिकाणी चुकतं. बेळक्यांवरून चिरलेल्या बांबूचं कडं फिरवायचं. छपराचा भार वासे बाहेर ढकलतो. ते कड्यानं धरलं नाही तर भिंत वर्षभरात फुगते आणि छप्पर बसतं. कडं तीन पदरी करा. प्रत्येक पदराचा सांधा वेगळ्या जागी, सांध्यात किमान एक मीटरची जोड, काथ्यानं दोनदा बांधलेली. तिन्ही सांधे एकाच ठिकाणी आले तर कडं तिथेच उघडतं.

वासे साडेतीन मीटरचे, बारा. आधी चार एकत्र टोकाला बांधून उभे करा, मग बाकीचे टेकवा. उतार ४५ अंशांचा हवा. त्याहून कमी केला तर गवतातून पाणी खाली निथळण्याऐवजी आत झिरपतं. वळचण अर्धा मीटरच्या आत ठेवा, दारावर फक्त वीतभर. तरी वाकूनच आत जावं लागेल आणि ते बरोबरच आहे. वाशांवर दर तीस सेंटिमीटरला कांब्यांची गोल कडी बांधा. गवत खालून वर लावत जा, प्रत्येक थरानं खालच्याचे दोन तृतीयांश झाकले पाहिजेत. जाडी पंधरा सेंटिमीटर. एवढ्या छपराला दोनशे ते अडीचशे किलो वाळलेलं, लांब देठाचं गवत लागेल. ओलं गवत लावू नका, आतून बुरशी धरते. शेंड्यावर पालथं मडकं घाला. तिथूनच पाणी शिरतं.

कुडाला बांबूच्या कामट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या चालतील. लिंपायला सव्वाशे ते दीडशे घमेली माती धरा. चार घमेली मातीला एक घमेलं शेण आणि अर्धं घमेलं गव्हाचा भुसा. निव्वळ काळी माती वापरू नका. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की तळहाताएवढ्या भेगा पडतात. निम्मी पिवळी माती मिसळा. चिखल दोन दिवस मुरू द्या. पहिला हात तीन सेंटिमीटर, तो पूर्ण तडकू द्या, मग दुसरा पातळ हात त्या भेगांमध्ये दाबून. एकाच दिवशी जाड थर दिला की तो स्वतःच्या वजनानं सुटून पडतो.

आतली जमीन बाहेरच्यापेक्षा वीतभर उंच करा. वळचणीखाली फिरती चरी काढा, वीतभर खोल, उताराकडे एकच तोंड. ही चरी नंतर मुलांना दाखवता येईल. उत्खननात खांब पुसले गेले तरी कधीकधी अशी चरीच वर्तुळाचा पुरावा म्हणून उरते.

प्रश्न : अशा झोपडीत चूल पेटवल्यावर धूर कुठून जातो? वर भोक ठेवायचं का?

उत्तर : ठेवू नका. भोक ठेवलं की ते धुरांड्यासारखं ओढ घेतं आणि ठिणग्या थेट गवतात जातात. इंग्लंडमध्ये १९७२ मध्ये सुरू झालेल्या बटसर इथल्या प्रायोगिक शेतावर पीटर रेनॉल्ड्स यांनी लोहयुगीन गोल घरं बांधून हे पाहिलं. धूर शेंड्याखाली साचतो आणि गवतातून हळूहळू पाझरतो. त्या थरात प्राणवायू कमी असल्यामुळे ठिणगी तिथे विझते. धुरानं वाळवी आणि कीड पळते, छपराचं आयुष्य वाढतं. चूल मध्यावर, लहान, भिंतीपासून दीड मीटर लांब ठेवा. शाळेत मात्र मुलं आत असताना पेटवूच नका.

प्रश्न : पायाखालची माती खचून तोंड निघालं. आत चुन्यानं लिंपल्यासारखा सुरईच्या आकाराचा खड्डा आहे, माणूसभर खोल. गोल घर आहे का? (पारोळा)

उत्तर : ते पेव आहे, धान्य साठवायचं. इनामगावलाही जमिनीत खणून चुन्यानं लिंपलेली धान्याची कोठारं मिळाली आहेत, पण पेव ही पद्धत अगदी अलीकडपर्यंत होती. तेव्हा आतल्या खापरांवरूनच काळ ठरेल. आणि कृपा करून आत उतरू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, माणूस उतरताक्षणी बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तोंडावर फळ्या टाका, भोवती काट्या लावा आणि ग्रामपंचायतीला कळवा.

प्रश्न : गावाबाहेरच्या पांढऱ्या टेकाडावरून घराच्या धाब्यासाठी (मातीच्या सपाट छपरासाठी) खारी माती आणतो. त्यात रंगवलेली खापरं, मणी, दगडी पाती निघतात. मणी घरी ठेवले तर चालेल का? टेकाडात घरं असतील का? (शहादा तालुका)

उत्तर : टेकाड पांढरं आहे याचाच अर्थ ते घरांचं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि विरघळलेल्या मातीच्या भिंती साठून ही माती बनते. म्हणूनच आपल्या जुन्या कागदांत गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. तिच्यातल्या क्षारांमुळे गवत उगवत नाही आणि पाणी वरच्यावर निसटतं, म्हणून ती धाब्याला चांगली. पण गाडीभर मातीबरोबर एखाद्या घराची अख्खी जमीन उचलली जाते, हेही तितकंच खरं.

खापर पातळ, लाल, वर काळ्या रेषांची नक्षी आणि नखानं टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं असेल तर ते जोर्वे पद्धतीचं असू शकतं. सावळद्याचं खापर त्या मानानं जाड आणि त्यावर बाण, गळ अशा हत्यारांची किंवा प्राण्यांची चित्रं असतात. पात्यांच्या बाबतीत सांभाळा. आपल्या काळ्या खडकातून गारगोट्या आपोआप सुटतात. माणसानं काढलेल्या पात्याच्या दोन्ही कडा समांतर, पाठीवर एक-दोन उभे कणे आणि एका टोकाला आतल्या बाजूनं छोटा फुगवटा असतो.

कायद्याचं म्हणाल, तर टेकाड संरक्षित म्हणून जाहीर झालेलं असेल तर तिथली माती काढताच येत नाही. नसेल तरी १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. मोडीत गेले असते तर आज भांड्यांच्या रूपात असते.

मणी एका डबीत ठेवा, धुऊ नका, तारीख आणि टेकाडाच्या कोणत्या बाजूला मिळाले ते चिठ्ठीवर लिहून आत टाका. मग एक पत्र तहसीलदारांना आणि एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला पाठवा. पत्रात गाव, गट नंबर, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच अंकांपर्यंत, टेकाडाची अंदाजे लांबी-रुंदी-उंची, कोणत्या बाजूनं माती किती नेली आहे, आणि मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो द्या. उत्तर येईपर्यंत धाब्याला माती दुसरीकडून आणा, टेकाडाच्या ताज्या कापलेल्या बाजूला तर हातच लावू नका. अधिकारी आले की आधी तीच बाजू बघतील.